निम्म्या वर्गांत एक जेनिफर : सत्तरच्या दशकातील नावांची यादी कशी वाचावी

दर वर्षी साधारण मे महिन्यात अमेरिकेत आदल्या वर्षी जन्मलेल्या बाळांच्या लोकप्रिय नावांची सरकारी यादी प्रसिद्ध होते आणि एक-दोन दिवसांत ती बातमी मराठी संकेतस्थळांवरही झळकते. मुलांमध्ये लियाम, मुलींमध्ये ऑलिव्हिया, हे गेली काही वर्षे ठरल्यासारखेच झाले आहे. बातमीच्या खाली बहुधा जुन्या दशकांच्या याद्या जोडलेल्या असतात आणि वाचकांची खरी करमणूक तिथे होते. कारण आजच्या यादीपेक्षा आपल्या वयाच्या माणसांची यादी पाहण्यात प्रत्येकाला रस असतो. 1970 च्या दशकाची यादी उघडली, तर मुलींमध्ये जेनिफर, एमी, मेलिसा, मिशेल, किंबर्ली आणि मुलांमध्ये मायकेल, ख्रिस्तोफर, जेसन, डेव्हिड, जेम्स असा क्रम दिसतो. अमेरिकेतील कचेरीत काम केलेल्या मराठी माणसाला यातले निम्मे सहकारी आठवतील.

यादी वाचायला सोपी आहे, पण ती नेमके काय सांगते हे मात्र तितके सोपे नाही. ही मोजणी कोण करतो, 'सर्वांत लोकप्रिय' म्हणजे किती लोकप्रिय, एकमेकांना न ओळखणाऱ्या लाखो आईबापांना एकाच सुमारास तेच नाव कसे सुचते, आणि आपल्याकडे सत्तरच्या दशकातील संदीप, राजेश, सुनीता, वैशाली यांची अशी यादी का निघत नाही, हे प्रश्न या लेखात घेतले आहेत. माझे मत आधीच सांगून ठेवतो : पहिल्या क्रमांकावर कोणते नाव आहे, ही अशा यादीतली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे.

ही मोजणी येते कुठून?

अमेरिकेत 'सोशल सिक्युरिटी' नावाची सरकारी निवृत्तिवेतन योजना आहे. तिचा कायदा 1935 साली झाला आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीपासून नागरिकांना क्रमांक देण्यास सुरुवात झाली. क्रमांकासाठीच्या अर्जात नाव, लिंग, जन्मसाल आणि जन्माचे राज्य लिहावे लागते. नावांची यादी या अर्जांतून तयार होते. तिच्यासाठी वेगळे सर्वेक्षण कोणी करत नाही. 1997 च्या सुमारास या खात्यात विमागणिती म्हणून काम करणाऱ्या मायकेल शॅकलफोर्ड यांना आपल्या होणाऱ्या बाळासाठी फारसे प्रचलित नसलेले नाव हवे होते. स्वतःचे नाव मायकेल असल्यामुळे गर्दीतल्या नावाचा जाच त्यांना पुरेपूर ठाऊक होता. त्यांनी अर्जांच्या साठ्यावर एक छोटी संगणकीय आज्ञावली चालवली, निकाल लोकांसाठी खुला केला आणि त्यातून ही वार्षिक प्रथा पडली.

या उगमामुळे यादीला काही मर्यादा आपोआप चिकटल्या आहेत. यादी 1880 पासूनची दिसते, पण 1937 च्या आधी जन्मलेल्यांपैकी ज्यांनी पुढे आयुष्यात कधीतरी क्रमांक घेतला, तेवढेच तिच्यात आहेत. जे त्याआधीच वारले किंवा ज्यांनी कधी अर्जच केला नाही, ते नाहीत. सत्तरच्या दशकातल्या मुलांची नोंद बरीच पूर्ण असली, तरी त्या काळी अर्ज जन्मतःच रुग्णालयात भरला जात नसे. ती सोय ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आली. म्हणून 1974 साली जन्मलेल्या मुलीचे यादीतले नाव अनेकदा तिच्या शाळकरी किंवा नोकरीला लागण्याच्या वयात भरलेल्या अर्जावरचे असते. एखाद्या वर्षात पाचांपेक्षा कमी मुलांना दिलेले नाव गोपनीयतेसाठी गाळले जाते. म्हणजे ज्या आईबापांना जगावेगळे नाव साधले, त्यांची बाळे यादीत येतच नाहीत.

सर्वांत मोठी अडचण स्पेलिंगची आहे. खाते नाव जसे लिहिले असेल तसे मोजते. 'सी'ने सुरू होणारी कॅथरिन आणि 'के'ने सुरू होणारी कॅथरिन उच्चाराने एकच असल्या, तरी यादीत त्या दोन वेगळ्या मुली आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या सरकारी यादीतही हाच नियम आहे. तिथे 2023 च्या यादीत 'मुहम्मद' हे नाव मुलांमध्ये पहिले आले, तेव्हा मोठी चर्चा झाली. पण त्याच नावाची इतर दोन-तीन स्पेलिंग अनेक वर्षे स्वतंत्रपणे शंभरात होती आणि त्यांची बेरीज आधीपासूनच बरीच वर होती. दुसऱ्या टोकाला, पहिले आलेले ते स्पेलिंगही त्या वर्षीच्या दर शंभर मुलांपैकी साधारण दीड मुलाचेच होते. क्रमांकाने जेवढी खळबळ उडाली, तेवढी टक्केवारीने उडाली नसती.

'सर्वांत लोकप्रिय' म्हणजे किती?

1970 ते 1979 या दहा वर्षांत जन्मलेल्या अमेरिकी मुलींपैकी सुमारे 5 लाख 80 हजारांचे नाव जेनिफर आहे. त्याच काळातल्या मायकेलांची संख्या 7 लाखांहून अधिक आहे. हे आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण त्यांना एकूण जन्मांनी भागले की प्रत्येक शंभरांत साधारण चार मायकेल आणि तीन-चार जेनिफर एवढेच उरते. सर्वांत गाजलेल्या नावाच्या सर्वांत गाजलेल्या काळातही शंभरांतल्या 96 मुलींचे नाव दुसरेच काहीतरी होते.

तरीही त्या पिढीतल्या माणसाला विचारा, तो सांगेल की आमच्या वर्गात जेनिफर होतीच. हे कसे? तीस मुलांचा वर्ग घ्या आणि त्यात पंधरा मुली आहेत असे धरा. 1974 च्या सुमारास एखाद्या मुलीचे नाव जेनिफर नसण्याची शक्यता 96 टक्के होती. पंधराही मुलींपैकी कोणीच जेनिफर नसण्याची शक्यता काढायची, तर 0.96 ला स्वतःनेच पंधरा वेळा गुणावे लागते. उत्तर साधारण 0.54 येते. म्हणजे जवळजवळ निम्म्या वर्गांत निदान एक जेनिफर असणार. मुले दर वर्षी तुकड्या बदलतात, शेजारच्या वर्गातल्या मुलांशी खेळतात. त्यामुळे दहावीपर्यंत जेनिफर न भेटलेला विद्यार्थी दुर्मीळच. चार टक्के हा कागदावर किरकोळ वाटणारा आकडा आठवणीत एवढा मोठा होतो, तो यामुळे.

हेच गणित मागेपुढे सरकवून पाहण्यासारखे आहे. 1880 च्या यादीत दर शंभर मुलींत सात मेरी आहेत. तेव्हाच्या पंधरा मुलींच्या वर्गात मेरी असण्याची शक्यता दोन-तृतीयांश होते. आजची पहिल्या क्रमांकाची ऑलिव्हिया शंभरांत एकही भरत नाही, आणि तसल्या वर्गात ती असण्याची शक्यता आठांत एक एवढीच आहे. म्हणून 1880, 1975 आणि आजचा 'पहिला क्रमांक' एकाच मापाने मोजता येत नाही. क्रमांक तोच राहिला आहे. त्याच्यामागची गर्दी ओसरली आहे.

आणखी एक गोष्ट दशकांच्या याद्या शेजारी ठेवल्यावरच दिसते. 1954 पासून 1998 पर्यंत, 1960 चा डेव्हिड वगळता, मुलांमध्ये मायकेल सतत पहिला होता. तेवढ्याच काळात मुलींचा पहिला क्रमांक मेरी, लिसा, जेनिफर, जेसिका, ॲशली आणि एमिली असा सहा जणींकडे फिरला. मुलाच्या नावात घराण्याची परंपरा शोधायची आणि मुलीच्या नावात नावीन्य चालवून घ्यायचे, ही वृत्ती काही फक्त अमेरिकेची नाही. आपल्याकडेही थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल होती, आणि सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारायचे नसल्यामुळे त्याच मुलाला घरात अण्णा, नाना, बाळ म्हणून हाक मारली जाई. आजीचे नाव नातीला इतक्या हट्टाने ठेवल्याची उदाहरणे शोधावी लागतात.

सर्वांना एकाच वेळी तेच नाव कसे सुचते?

नाव शोधणारे आईबाप साधारणपणे एकच गोष्ट सांगतात : वेगळे हवे, पण विचित्र नको. 'वेगळे' म्हणजे आपल्या स्वतःच्या वर्गात दर बाकावर असलेले नाव नको आणि मामा-काकांच्या पिढीचे तर नकोच. 'विचित्र नको' म्हणजे कानाला सरावाचे ध्वनी हवेत, उच्चारायला जड नको. या दोन चाळण्या लावल्या की उरलेला साठा फार लहान असतो, आणि एका पिढीतल्या सगळ्या आईबापांच्या चाळण्या जवळजवळ सारख्याच असतात, कारण ते एकाच वर्गांत बसलेले असतात. शनिवारी गर्दी टाळायची म्हणून पुण्या-मुंबईची माणसे पहाटे पाचला घर सोडतात आणि सातला खंडाळ्याच्या घाटात एकमेकांच्या मागे उभी राहतात, तसेच हे आहे. प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्र असतो. हिशेब मात्र सगळ्यांचा एकच.

नावांच्या बदलांवर बराच काळ काम केलेले हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ स्टॅनली लिबरसन यांचे म्हणणेही याच दिशेचे होते. नावांची चढउतार समजून घेताना आपण बाहेरची कारणे, म्हणजे युद्ध, नेते, नटनट्या, फार शोधतो. पण बराचसा बदल नावांच्या व्यवहारातच घडत असतो. एक नाव रुळले की त्याच्याशी ध्वनीने जवळचे पण अजून न घासलेले नाव पुढच्यांना आवडते, मग त्याच्या शेजारचे, आणि अशी साखळी पुढे सरकते.

मराठी कानाला याचा पडताळा घरबसल्या मिळतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात शाळेत असलेल्या कोणत्याही मराठी माणसाने आपल्या वर्गाची हजेरी आठवावी. राजेश, महेश, सुरेश, योगेश, नीलेश, शैलेश, उमेश, मंगेश; सुनीता, संगीता, अनिता, सविता, कविता; मग थोड्या धाकट्या वर्गात वैशाली, रूपाली, दीपाली, सोनाली. कोणी ठरवून केलेले नाही, पण नावाचा शेवट कोणत्या ध्वनीवर टेकतो यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. त्यांच्या आधीच्या पिढीत दत्तात्रय, पांडुरंग, यमुना, द्वारका अशी लांब, देवाधर्माची नावे होती. त्यांच्या मुलांच्या पिढीत आरव, विहान, रेयांश, अन्वी, सान्वी आली. ज्यांना 'राजेश' जुनाट वाटतो, त्यांना 'रेयांश' अगदी वेगळा वाटतो. पाळणाघरातल्या बाईंना मात्र तो तितका वेगळा वाटत नसावा.

उतरलेले नाव कायमचे जाते असेही नाही. आईबापांची नावे शिळी वाटतात, आजीआजोबांची म्हातारी वाटतात, पण पणजीच्या पिढीचे नाव धारण करणारे कोणी आसपास उरलेलेच नसते, त्यामुळे ते पुन्हा कोरे वाटू लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पहिल्या पाचांत असलेली एमा मधली कित्येक दशके मागे पडली होती. 2008 साली ती पहिली आली. जेनिफर आज पहिल्या शंभरातही नाही. हाच नियम लागू राहिला, तर तिची पाळी यायला अजून अवकाश आहे.

पण नावे तर सिनेमामुळे आणि खेळाडूंमुळे पसरतात ना?

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा घेतला जातो आणि तो पूर्ण चुकीचाही नाही. पण त्यात तारखा तपासण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. जेनिफरच्या लाटेचे श्रेय 'लव्ह स्टोरी' या चित्रपटाला देण्याची अमेरिकेत रीत आहे, कारण त्याच्या नायिकेचे नाव जेनिफर होते. चित्रपट झळकला 1970 च्या डिसेंबरात. जेनिफर हे नाव पहिल्या क्रमांकावर पोहोचले ते 1970 मध्येच, म्हणजे त्या वर्षीच्या बहुतेक मुलींची नावे चित्रपट येण्याआधी ठेवून झाली होती. त्याच कथेची कादंबरी त्याच वर्षी फेब्रुवारीत आली. पण 1969 मध्येच जेनिफर पहिल्या पाचांत होती आणि त्याआधीची अनेक वर्षे ती सतत वर चढत होती. चित्रपटानंतर संख्या आणखी वाढली आणि 1972 या एका वर्षात 60 हजारांहून अधिक मुलींना हे नाव मिळाले, त्यात चित्रपटाचा हात असणारच. मात्र लेखकाने नायिकेला जेनिफर म्हटले, तेही बहुधा हे नाव हवेत असल्यामुळेच.

आपल्याकडे हीच गोष्ट सचिनबाबत होते. मराठी घरांत एवढे सचिन कसे, असे विचारले की उत्तर तयार असते : तेंडुलकर. सचिन तेंडुलकर कसोटी क्रिकेटमध्ये आले 1989 च्या नोव्हेंबरात. आज पंचेचाळिशी-पन्नाशीत असलेल्या सचिनांची बारशी तोवर कधीच उरकली होती. अभिनेते सचिन पिळगावकर 1957 चे, सचिन खेडेकर 1965 चे. खुद्द 1973 साली जन्मलेल्या तेंडुलकरांचे नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवले गेले, हे सर्वश्रुत आहे. आणि थोरल्या भावांची नावे नितीन आणि अजित आहेत, हे पाहिले की त्या घराने काळाच्या कानाला धरूनच नावे ठेवली होती हेही दिसते. 1989 नंतरच्या सचिनांचे श्रेय क्रिकेटला जरूर द्यावे. त्याआधीच्यांचे देऊ नये.

प्रसिद्धीने नाव जन्माला येण्यापेक्षा, आधीच चढणीवर असलेल्या नावाला ती धक्का देते, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या जवळ जाते. 1947 साली 'लिंडा' याच नावाचे एक गाणे अमेरिकेत गाजले आणि यादी सुरू होते तेव्हापासून कधीही न हललेली मेरी त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर गेली. पण लिंडा त्याआधीच तिच्या अगदी मागे येऊन उभी होती. उलट परिणामही होतो. ऑगस्ट 2005 मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स उद्ध्वस्त केल्यानंतर मुलींना कॅटरिना नाव ठेवणे घटले, ते कोणालाही अपेक्षित होते. संशोधकांना अधिक रंजक वाटली ती दुसरी बाब : पुढच्या काळात 'क' ध्वनीने सुरू होणारी इतर नावे मात्र वाढली. अनेक आठवडे तो ध्वनी दूरचित्रवाणीवरून कानावर पडत राहिला होता. नको असलेल्या गोष्टीचेही ध्वनी कानात घर करतात.

राशीच्या अक्षराचे काय?

आपल्याकडे नाव नक्षत्राच्या अक्षरावरून ठेवतात, मग लाट कसली, असेही कोणी म्हणेल. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, अशी 108 अक्षरे पंचांगात दिलेली असतात. त्यांत ङ, ञ आणि ण हीसुद्धा आहेत. आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या मुलांची नावे खरोखरच ङ वरून ठेवली जात असती, तर शाळेच्या हजेरीत ती दिसली असती. प्रत्यक्षात पत्रिकेतले जन्मनाव कागदावर राहते आणि पाळण्यात आत्या कानात सांगते ते व्यवहाराचे नाव वेगळे असते. जिथे अक्षर पाळले जाते, तिथेही ते फक्त सुरुवात ठरवते; 'र' आला की 1975 साली राजेश होतो आणि आज रेयांश.

यादीच्या सरासरीत कोण झाकले जाते?

देशभराची एकच यादी काढली की मोठ्या समूहाची आवड सर्वांची आवड म्हणून दिसू लागते. सत्तरचे दशक अमेरिकेत जेनिफरचे होते, हे गोऱ्या अमेरिकेबद्दलचे विधान आहे. रोलंड फ्रायर आणि स्टीव्हन लेविट या अर्थशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील 1961 पासूनच्या चार दशकांच्या जन्मनोंदी तपासल्या. साठच्या दशकात काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या नावांत आजच्या मानाने बरेच साम्य होते. सत्तरचे दशक लागताना, कृष्णवर्णीयांच्या अस्मितेच्या चळवळीनंतर, काळ्या कुटुंबांतली नावे झपाट्याने वेगळी होत गेली. आपले नाव आपण आपल्या इतिहासातून घेऊ, मालकांच्या यादीतून घेणार नाही, असा तो निर्णय होता. देशाच्या पहिल्या पाच नावांत त्याचा मागमूस नाही.

महाराष्ट्रात अशी घटना त्याच्या आधी घडून गेली होती. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पुढच्या पिढीच्या नावांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, विशाखा, प्रज्ञा आले. सत्तरच्या दशकात शाळेत गेलेल्या या मुलांची नावे त्यांच्या घरांत पूर्वी कधीच नव्हती. इथे ध्वनींची साखळी वगैरे स्पष्टीकरण अपुरे पडते. ही नावे जाणीवपूर्वक, एका ठरावीक तारखेनंतर आणि कारण ठाऊक असून ठेवलेली आहेत. यातली राहुल, प्रज्ञा, सुजाता ही नावे इतर समाजांतही होती आणि आहेत, त्यामुळे सरसकट यादीत त्यांच्या दोन वेगळ्या उगमांचा भेद पुसला जातो.

आणि काही नावे लोकप्रियतेच्या यादीत बसवणेच अवघड. मूल जगत नाही म्हणून दृष्ट लागू नये यासाठी ठेवलेली दगडू, धोंडू, कचरू ही नावे एकेकाळी गावोगावी होती. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून तिला 'नकुसा' किंवा 'नकोशी' म्हणण्याची रीत तर अगदी परवापर्यंत होती. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर 2011 मध्ये एका सरकारी कार्यक्रमात अशा 285 मुलींनी आपली नावे बदलून घेतली. एकाच जिल्ह्यात 285 जणींना असलेले नाव तांत्रिकदृष्ट्या 'प्रचलित'च म्हणायला हवे.

नावामुळे नशीब बदलते का?

सत्तरच्या दशकातल्या नावांचा एक उपयोग पुढे अनपेक्षित ठिकाणी झाला. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी 2000 नंतरच्या पहिल्या वर्षांत बोस्टन आणि शिकागोमधील सुमारे 1,300 नोकरीच्या जाहिरातींना जवळजवळ 5,000 बनावट अर्ज पाठवले. पात्रता तोलामोलाची, फक्त काही अर्जांवर एमिली किंवा ग्रेगसारखी गोऱ्यांची वाटणारी नावे आणि काहींवर लकीशा किंवा जमालसारखी काळ्यांची वाटणारी नावे होती. ही नावे त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील 1974 ते 1979 च्या जन्मनोंदींतून निवडली, कारण त्या वर्षांतली मुले तेव्हा नोकरीच्या वयात होती. गोऱ्या नावाच्या अर्जदाराला साधारण दहा अर्जांमागे एकदा बोलावणे आले, काळ्या नावाच्या अर्जदाराला पंधरांमागे.

याउलट फ्रायर आणि लेविट यांना असे आढळले की जन्माच्या वेळची घरची परिस्थिती लक्षात घेतली, तर वेगळ्या नावाचा पुढील आयुष्यावर स्वतंत्र असा वाईट परिणाम दिसत नाही. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडतात असे वरवर वाटते. पण पहिला प्रयोग दारावरच्या पहिल्या नजरेबद्दल आहे आणि दुसरा अभ्यास सबंध आयुष्याबद्दल; ज्या घरात मूल जन्मते, त्या घराची ऐपत आणि वस्ती यांचा भार इतका मोठा असतो की नावाचा वेगळा भार मोजताना हाती काही लागत नाही. भाड्याने घर शोधताना आडनाव विचारले जाण्याचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे पटवून द्यावे लागणार नाही. आपल्याकडे पहिल्या नावाचे हे काम आडनाव करते, एवढाच फरक.

मग आपली यादी का नाही?

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 सालचा आहे आणि तो देशाच्या बहुतेक भागांत 1970 पासून लागू झाला. म्हणजे सत्तरच्या दशकातली मराठी मुले ही या कायद्याखालची पहिलीच तुकडी. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते, परंतु तोवर बारसे झालेले असेलच असे नाही, त्यामुळे नावाचा रकाना कोरा ठेवून नोंद करण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. बहुसंख्य कुटुंबांना त्या काळी याची गरजच पडली नाही, कारण शाळेत दाखल करताना गुरुजी जे लिहीत तेच अधिकृत ठरे.

म्हणून त्या पिढीच्या नावांचा खरा दस्तऐवज म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. दर ओळीला विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिनांक, आणि शाळा सोडल्याचे कारण. तिथेही सावध राहावे लागते. तारीख माहीत नसली की गुरुजींनी 1 जून टाकलेली असे, आणि वय सहा भरावे म्हणून सालही पुढेमागे होई. त्यामुळे 1970 ची म्हणून मोजलेली काही मुले 1968 किंवा 1969 ची निघतील. शिवाय ही रजिस्टरे शाळाशाळांच्या कपाटांत आहेत, एकत्र कुठेच नाहीत.

त्यातल्या त्यात हाताशी असलेले साधन म्हणजे मतदार यादी. ती सार्वजनिक असते, देवनागरीत असते आणि तिच्यात नावासोबत वय व लिंग छापलेले असते. आपल्या प्रभागाच्या यादीतून आज 46 ते 56 वयाचे मतदार वेगळे काढून पहिल्या नावांच्या खुणा करत गेले, तर एका दुपारी सत्तरच्या दशकाची एक घरगुती यादी तयार होईल. अमेरिकेतली स्पेलिंगची अडचण इथेही आहेच : नितिन आणि नितीन, ज्योति आणि ज्योती अशा जोड्या आधी एकत्र कराव्या लागतील. त्या वयाचे जे वारले किंवा गाव सोडून गेले ते सापडणार नाहीत, आणि जे कामधंद्यासाठी आले ते वाढतील. म्हणजे ती यादी जन्मगावाची नसून राहत्या वस्तीची असेल.

बायकांच्या नावांबाबत मात्र याहून मोठा पेच आहे. लग्नात तांदळाने भरलेल्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिण्याची चाल त्या पिढीत सर्रास होती. 1975 साली जन्मलेल्या आणि 1997 साली लग्न झालेल्या एखाद्या संगीताचे मतदार यादीतले नाव सासरच्यांनी ठेवलेले असू शकते, आणि ते 1975 च्या नव्हे, 1997 च्या आवडीप्रमाणे निवडलेले असते. कधी पतीच्या नावाशी जुळणारे, कधी घरात आधीच एक संगीता जाऊ म्हणून आलेली असल्यामुळे बदललेले. तिचे मूळ नाव शोधायचे, तर शाळा सोडल्याचा दाखला मागावा लागेल आणि तो बहुतेक वेळा माहेरी असतो.